गप्प झालेला तिसरा खण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी नाली आहे, तिच्यात परवा सकाळी मी उभ्या उभ्या एकवीस मेलेले सेल मोजले. गंजलेले, फुगलेले, पोटातून चिकट पाणी सुटलेले. त्याच नालीवर नळ, आणि नळावर बायांची रांग. कोणाला काही वाटत नाही. ट्रान्झिस्टर घरोघर आला. सासरा जावयाला देतो, जावई तो गळ्यात अडकवून वावरात नेतो, आणि सेल संपले की जुने फेकून नवे घालायचे एवढं एकच शास्त्र सगळ्यांना येतं. संपलेली वस्तू पुन्हा भरता येते हे ज्यांनी दहा वर्षांपूर्वी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तीच माणसं आज नाली भरत आहेत. मला संताप येतो.

हा लेख मागणाऱ्या संपादकांना संताप नको होता, धंद्यातले अनुभव हवे होते. माझ्याकडे दोन्ही एकाच पोत्यात आहेत, निवडून देता येत नाहीत. वयाचं म्हणाल तर मी तिशीत आत्ताच शिरलो. या वयात कोणी आठवणी लिहीत नाही. पण माझा धंदा माझ्याआधी म्हातारा झाला, म्हणून लिहितो.

अमरावतीला मोटारस्टँडच्या मागे वानखडे मिस्त्रींचं दुकान होतं. तिथे मी रेडिओच्या बॅटऱ्या भरत असे. मी मूळचा अकोल्याचा, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातला. वडील वकील, काका वकील. मी कायद्याच्या पहिल्या वर्षातून उठलो आणि तेजाबानं हात पिवळे करून घेतले. वडिलांनी सहा महिने बोलणं टाकलं. कॉलेजात एकच विद्या पदरात पडली होती, पत्रक लिहिण्याची. हुंडा, दारू, लग्नातली उधळपट्टी, विषय कोणताही द्या. वर 'बंधूंनो!' लिहिलं की खालचं आपोआप सुचायचं. मिस्त्री मला पत्रकरावच म्हणत.

तेव्हा खेड्यांत वीज नव्हती. रेडिओ म्हणजे ट्रंकेएवढा सेट. तो चालवायचे प्रकार दोन. एक कोरडी बॅटरी: पुठ्ठ्याच्या खोक्यात डांबर ओतून बंद केलेली, विटेसारखी जड. काही महिने चालायची, मग उकिरड्यावर. पोट्टे ती फोडत आणि आतल्या कोळशाच्या कांड्यांनी भिंती काळ्या करत. उरलेला काळा भुगा खताबरोबर वावरात जाई. दुसरी आमची, तेजाबाची बॅटरी. काळ्या डब्यात तीन खण, खणात शिशाच्या पट्ट्या, पट्ट्या बुडतील एवढं पाणी घातलेलं तेजाब. ती संपली की आमच्याकडे आणायची, भरून न्यायची, पुन्हा संपवायची. वर्षानुवर्षं. जुन्या सेटला मिस्त्री एक छोटी पेटी जोडून देत, म्हणजे तोच सेट तेजाबाच्या बॅटरीवर चाले. त्या पेटीत पोलादाची एक पातळ पट्टी सारखी थरथरायची. तिची बारीक गुणगुण सेटजवळ बसलं की ऐकू येई.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "मिस्त्री, यात वीज साठते कुठे?"

"साठत नाई. वीज काई पानी हाय का, हंड्यात भराले? आपन विजेनं आतलं शिसं उलटं करतो. ते आपल्या मनानं सुलटं होऊन राहते, तवा वीज देते."

"म्हणजे गेलेलं परत आणायचं?"

"गेलेलं-बिलेलं तुमी पत्रकात लिवा. आमी शिसं म्हनतो."

पण त्या दिवशी मी दुकान बंद होईपर्यंत स्टुलावरून हललो नाही. भिंतीवर विजेचा प्रवाह एकाच दिशेनं वळवणारा काचेचा फुगा होता, त्याच्या पोटात जांभळा उजेड. खाली ओळीनं बारा बॅटऱ्या. काल मेलेल्या अवस्थेत आलेल्या बॅटरीतली एक पट्टी माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू तपकिरी होत गेली, मग चॉकलेटी. चूल विझली तर राखेचं पुन्हा लाकूड होत नाही. इथे होत होतं, आणि शेजारी मिस्त्री विडी ओढत बसले होते. माझ्या घरच्या पूजेतही माझे हात असे कधी जुळले नव्हते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. परतवाड्याचा एक लाउडस्पीकरवाला दोन दिवसांत बॅटरी बसली म्हणून भांडायला आला. झाकण उघडलं तर लिंबाचा वास.

"काय टाकलं याच्यात?" मिस्त्री म्हणाले.

"सोडा."

"कावून?"

"तुमच्या इथं पाह्यलं, भरताना बुडबुडे निंगत होते. माह्या बॅटरीत निंगत नव्हते. म्हनलं, कमी पडले असतीन."

मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "साधा का लेमन?"

"लेमन. लग्नात तोच होता."

बुडबुड्यांवर त्याची श्रद्धा होती, यात त्याची फार चूक नव्हती. बुडबुडे हे आमच्या धंद्याचं घड्याळच. बॅटरी भरत आली की खण फसफसायला लागतो. तिन्ही खण फसफसले की भरली, तारा काढा. एखादा खण शेवटपर्यंत गप्प राहिला तर आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या असं समजायचं. तो खण मेला. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि पत्रकातही छापलं होतं. पत्रकाचं नाव 'फेकू नका, भरा!'. दोन पानं, नऊ कलमं.

ते पत्रक घेऊन मी गावोगाव हिंडलो. वलगावपासून बैलगाडीनं दीड तासावरच्या एका गावात गावंडे गुरुजी राहत. घरची काळी जमीन, पण आयुष्य गेलं शाळेत. निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि त्याचा अर्थ सांगत. पराटीचा म्हणजे कापसाचा भाव, पाऊस, निवडणूक, परदेशातली भांडणं, सगळं. गाव ऐकायला येई. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि ओटा रिकामा पडला. तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना रेडिओ आणून दिला. गुरुजी नागपूरच्या बातम्या ऐकत, सेट बंद करत, आणि मग बातम्यांवर बोलत. काठीनं धुळीत नकाशा काढत, न बघता, आणि तो बरोबर असे. गाव पुन्हा ओट्यावर आलं.

मी गेलो तेव्हा सेट कोरड्या बॅटरीवर होता. गुरुजींनी पत्रक काकूंकडून वाचून घेतलं. सुभद्राकाकू लग्नानंतर गुरुजींकडेच वाचायला शिकलेल्या. वाचून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "'लुटारू' हा शब्द चारदा आला. एक पुरे होता." पण बॅटरी त्यांनी बदलली. एका महिन्यात मला कळलं की या माणसाला आमच्या यंत्रांची गरज नाही. तेजाबाचा दाट-पातळपणा मोजायला आमच्याकडे काचेची नळी असते, तिच्यात बोंडूक तरंगतं; बॅटरी भरली की ते वर येतं, उतरली की तळाला बसतं. गुरुजी नुसती पेटीतल्या त्या पोलादी पट्टीची गुणगुण ऐकत आणि सांगत, "आज अर्ध्या सुरानं उतरली. आठवडी बाजाराले धाडतो." बॅटरी दुकानात आली की मी नळी बुडवायचो. प्रत्येक वेळी गुरुजी बरोबर.

आता सातवं कलम. ते असं होतं: 'पावसाळ्यात वाटा बंद होतात. म्हणून मृगाआधी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, तारा काढून उंच जागी ठेवावी, व अत्यंत निकडीच्या प्रसंगीच जोडावी. चार महिने पुरेल.' हे कोणत्या पुस्तकात नव्हतं. मिस्त्रींना विचारलं नव्हतं. कणगीत धान्य राहतं तशी भरलेली बॅटरी राहणार, यात विचारायचं काय, असं मला वाटलं.

पोळ्यानंतर वाट जरा सुकली, तेव्हा काकू बॅटरी घेऊन दुकानात आल्या. पोत्यात गुंडाळलेली. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"पत्रकवाले, तुमी लिवलं तसंच केलं आमी. मृगाआधी भरून आनली, फळीवर ठेवली. सगया पावसात यायनं एक दिवस लावली नाई. म्या म्हनलं, अवो, दोन दिवसाआड तरी लावा. तं म्हने, छापून आलं आहे." त्यांनी बॅटरीवरचं पोतं सोडलं. "मंग पेढी नदीले पूर आला. अख्खं गाव आमच्या ओट्यावर. वरतं पाऊस थांबला का चालू हाय, रेडिओत सांगतीन म्हनून. यायनं बटन फिरवलं. गुनगुन बी नाई. पुन्हा फिरवलं. म्हने, थांबा, तारा पाहतो. काय पाहतीन तारा? लोक बसले जराभर. मंग एकएक उठला. यायले दिसत नाई, पन वहाना ऐकू येते ना. कोनाची कोनती, सगयं ओळखते. त्या दिवसापासून ओट्यावर बसले नाईत. जेवते, झोपते. माह्यासंगबी बोलत नाईत."

मिस्त्रींनी चष्मा लावला आणि सातवं कलम बोट ठेवून वाचलं. आपल्याच दुकानाचं पत्रक त्यांनी पहिल्यांदा वाचलं.

"हे कोनाले इचारून लिवलं?"

"कोणाला नाही. कणगीतलं धान्य जसं…"

"कनगीतलं धान्य सोताले खाते का? हे खाते. बसल्या जागी खाते."

झाकणं काढली. चॉकलेटी पट्ट्यांवर पांढरं, कडक कवच चढलं होतं. न वापरता पडून राहिलेल्या बॅटरीचं असंच होतं. ती आतल्या आत रिकामी होते, आणि रिकामी राहिली की दगड होते. दुसरी बॅटरी द्यायला दुकानात नव्हती. नवीसाठी मुंबईला नाव नोंदवून महिनेच्या महिने वाट पाहायची. आणि गुरुजींच्या सेटची कोरडी बॅटरी ठेवणारा बाजारातला एकमेव दुकानदार माझ्याच प्रचारानं ती ठेवायचा बंद झाला होता. हा माझा विजय!

"करून पाहतो," मिस्त्री काकूंना म्हणाले. "वचन नाई देत."

त्यांनी तेजाब ओतून काढलं, वाफेचं शुद्ध पाणी भरलं आणि अगदी थेंबाथेंबानं प्रवाह सोडला. "हात लावू नोको. निस्ती चालू ठेव. दिवस लागतीन." दुसऱ्याच दिवशी ते अकोल्याला गेले. तिथल्या एका जिनिंगचं इंजिन हंगामाआधी सुरू करायचं होतं. बॅटरी तपासायचा दुकानातला एकुलता एक मीटर सोबत गेला.

तारा लावल्याबरोबर तिन्ही खण फसफसायला लागले. मला आनंद झाला. भरत आली! नळी बुडवली तर बोंडूक तळाला. दुसऱ्या दिवशीही फसफस, बोंडूक तळाला. आठ दिवस हेच. एवढी गडबड आणि पदरात काही नाही. नवव्या दिवशी सकाळी तिसरा खण गप्प झाला. मी डब्यावर टिचक्या मारल्या, तारा घट्ट केल्या, कान लावला. काही नाही. पुस्तक काढलं. पुस्तक स्पष्ट होतं: गप्प खण, मेलेला खण. दोन दिवस वाट पाहिली. मग वलगावच्या एका गाडीवानाबरोबर गुरुजींना चिठ्ठी दिली, 'बॅटरी गेली. माफी असावी.' पट्ट्या काढून शिसं तरी सोडवावं म्हणून डबा फोडायला छिन्नी काढून ठेवली.

छिन्नी चालवायच्या आधी गुरुजी आले. स्वतः. गाडीनं वलगाव, तिथून बसनं अमरावती. काकूंच्या खांद्यावर हात, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी.

"कुठं हाय ते?"

मी त्यांचा हात डब्याच्या कडेला लावून दिला. "तेजाब नाही आत्ता, पण जपून."

ते वाकले. कान पहिल्या खणाशी नेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्याशी. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबले. काकू काही बोलायला गेल्या तर बोट वर केलं. दुकानात फक्त दोन खणांची फसफस.

"तिघं पहिल्यापासून असेच होते?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी तिन्ही फसफसत होते. तारा लावल्या लावल्या."

"लावल्या लावल्या? काई घ्यायच्या आधीच?"

"हो."

"आन् आता हा एक गप्प झाला, म्हनून तुमी त्याले मेला म्हनता."

"पुस्तकात तसं…"

"पुस्तक राहू द्या. छापलेल्यानंच आनलं मले इथवर." पण आवाजात राग नव्हता. ते स्टुलावर बसले, काठी गुडघ्यांत धरून. "छत्तीस वर्सं वर्ग घेतला. मास्तर शिरल्या शिरल्या जे कल्ला करते, त्यायच्या डोक्यात काईच जात नाई. वरच्या वर उडून जाते. आन् एक दिवस त्यातलं एखादं गप्प होते. नवा मास्तर घाबरते. म्हनते, याले काई झालं. त्याले काई होत नाई. ते घेऊन राहिलं असते."

"गुरुजी, ही बॅटरी आहे. शाळा नाही."

"कबूल. पन तुमच्याजवळ दुसरं काई हाय सांगाले?" मी पुस्तकाकडे पाहिलं. "मंग ते हत्यार ठेवा तिकडे." ते आले तेव्हा मी छिन्नी टेबलावर टाकली होती, तो आवाज त्यांनी ऐकला असावा. "बाकीचे दोघं अजून कल्ला करून राहिले. काळजी त्यायची करा."

ते गेले आणि मी बसून राहिलो. विश्वास बसला म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खणात नळी बुडवली. बोंडूक तळाला नव्हतं. केसभर वर होतं. मी नळी धुतली, पुसली, पुन्हा बुडवली. केसभर वर. त्या केसभरानं माझ्या अंगावर काटा आला तो आजही येतो. तीन दिवसांनी पहिला खण गप्प झाला, मग दुसरा. दुकानात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिन्ही खण मुकाट्यानं खात होते, आणि पांढऱ्या कवचाखालून चॉकलेटी रंग पाण्यातल्या सावलीसारखा वर येत होता.

मिस्त्री परत आले तेव्हा तिन्ही खण पुन्हा फसफसत होते, पण या वेळी भरल्या पोटानं. त्यांनी मीटर लावून पाहिलं आणि मग मला समजावलं. कडक कवच प्रवाह आत घेतच नाही. तो नुसतं पाणी फोडतो, म्हणून पहिल्या क्षणापासून बुडबुडे. कवच सैल झालं की प्रवाह शिशाच्या कामी लागतो, आणि खण गप्प होतो. "गप्प खन दोन परकारचा. मेलेला आन् जेवनारा. तुले सांगाचं राहूनच गेलं."

मी म्हटलं, "गुरुजींनी सांगितलं." आणि वर्गाची सगळी हकीकत सांगितली.

मिस्त्री तीस वर्षं या धंद्यात होते. त्यांनी विडी विझवली. "आमाले हे शिकाले किती बॅटऱ्या फोडाव्या लागल्या," एवढंच म्हणाले.

आज मिस्त्री नाहीत. दुकानात मी आहे, आणि बारांच्या जागी दोन-तीन बॅटऱ्या. त्यांतली एक गुरुजींची. पट्ट्या दोनदा बदलल्या, डबा तोच. पुतण्यानं दिलेला ट्रान्झिस्टर गुरुजींनी आठवडाभर ऐकला आणि परत केला. म्हणाले, "याचा सेल मरताना काईच सांगत नाई." ओट्यावर आता पूर्वीइतकी गर्दी नसते; ज्याचा त्याचा ट्रान्झिस्टर ज्याच्या त्याच्या कानाला. ज्यांना वाटतं मी शिशा-तेजाबासाठी भांडतो, त्यांना वाटू द्या.

पण बॅटरी घेऊन मी गावी गेलो तो दिवस सांगायचा राहिला. काळ्या मातीत गाडी दोनदा रुतली, तेव्हा डबा मी मांडीवर धरला. घरी पोचून तारा जोडल्या. गुरुजी ओट्यावर येईनात. काकूंनी आतून जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी बटण फिरवलं. पेटीतून गुणगुण आली. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, आणि ती तशीच ठेवली. मग गल्लीतून वहाणा ऐकू यायला लागल्या.

"रामाजी," गुरुजी हळूच म्हणाले. "मागं किसना. हा पाय घासत येते तो पुंडलिक." एकेक नाव घेताना त्यांचा चेहरा उजळत होता. ओटा भरला, अंगण भरलं. बातम्या झाल्या. गुरुजींनी सेट बंद केला, घसा साफ केला, काठी धुळीत टेकवली आणि बोलायला लागले. पूर ओसरून महिना झाला होता, तरी पहिल्यांदा पुराचंच बोलले. नदी कुठून येते, पाऊस कुठे पडला की पाणी इथे किती वेळानं पोचतं. त्या संध्याकाळी जे सांगायचं राहिलं होतं, ते सगळं.

माझ्या पिशवीत पत्रकाची नवी आवृत्ती होती. सातवं कलम सुधारून, 'रोज वापरा' असं ठळक छापून आणलेलं. अशी भरली सभा मला पुन्हा कधी मिळणार होती? पण पिशवीचा बंद मी सोडला नाही. ओट्याच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसलो होतो तो तसाच बसून राहिलो. माणसं उठून गेली तरी बसलेलाच होतो.

काकूंनी पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "हा कावून गप्प हाय आज? एवढा बोलनारा मानूस. काई झालं काय याले?"

गुरुजींनी माझ्या दिशेनं कान केला. थोडा वेळ ऐकलं.

"काई नाई झालं," ते म्हणाले. "नोको हात लावू. भरून राहिला तो."